सुखीबाईची गठाण

मारेगावजवळच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमधी मशीनचा आवाज एवढा, का कोणाचंच बोलणं आयकू येत नाई. मॅनेजर गुल्हानेचं ओरडणं तेवढं येते.

सुखीबाईले ताप होता. घरी जाऊ देता का, म्हून तिनं त्याले विचारलं.

"मरून राह्यली का?" तो सगळ्या बायाईसमोर खेकसला. "मर, पण ड्युटी संपल्यावर!"

ती प्रेसमधी रुई लोटता लोटता वाकली अन् त्या रुईतच काहीतरी पुटपुटली. प्रेस खाली आली, पट्ट्या आवळल्या, दाबलेल्या रुईची गठाण गोदामात गेली.

तिसऱ्या दिवशी सुखीबाई वारली.

आज दुपारी मशीन बंद होती. मी गोदामात जराशी टेकली, त गुल्हाने माह्यावर धावून आला. "बसाचा पगार देतो का तुले?"

तेवढ्यात माह्यामागच्या गठाणीची पट्टी टण्णकन तुटली. रुई फुगत बाहेर आली, अन् त्यातून सुखीबाई बोलली, अगदी हळू.

"हो साहेब, मरून राह्यली."

गुल्हाने पांढराफटक पडला. "बांध ते! आवळ लवकर!"

मी कायले आवळू?

त्या गोदामात छतापर्यंत गठाणी रचल्या आहेत. सगळ्या आमी बायाईनंच भरल्या, याच्या शिव्या खात, रुईत तोंड घालून पुटपुटत.

मी बाहेर आली, दार लोटलं अन् कडी घातली.

आत दुसरी पट्टी तुटली. मंग तिसरी. मंग मोजताच येईना.

तो आतून दार ठोकून राह्यला. मी इथंच उभी आहो. माही गठाण अजून फुटाची आहे.