दुसरं लुरिक

दिवस राहिल्याचं आबिदाने अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, आणि आखातातल्या जुफैर भागातल्या तिच्या फ्लॅटवर मोलकरीण यांतीच्या आईचं जावाहून पार्सल आलं. आत हातमागावर विणलेलं, पट्ट्यापट्ट्यांचं लांब कापड होतं.

“लुरिक. बाळाला कडेवर बांधून घ्यायला,” यांती लाजत म्हणाली. “कुणाकडे पाळणा हलणार असला की आईला आधीच कळतं.”

आबिदाच्या अंगावर काटा आला. पण स्कॅनमध्ये जुळी दिसली, तेव्हा घरी येताच तिने आधी यांतीलाच गाठलं.

“दोन आहेत गं! आईला सांग, अजून एक विण म्हणावं.”

यांतीने हातातलं भांडं खाली ठेवलं.

“दुसरं केव्हाचं मागावर आहे, मॅडम. पण त्याचा धागा सारखा तुटतोय, आणि आईने मारलेली गाठ टिकत नाहीये.”