मागचं वजन

चार महिने घरी बसल्यावर त्याला कुरियरची नोकरी लागली, पण अट एकच होती: गाडी स्वतःची हवी. म्हणून त्याने आयुष्यातली पहिली मोटरसायकल घेतली, तीही जुनी.

"अहो, अजून हात बसलेला नाही. मागे कुणाला बसवू नका हं," बायकोने बजावलं. त्याने मागचे फूटरेस्ट तारेने बांधूनच टाकले.

तरी पहिल्याच वळणाला मागे वजन जाणवलं. ते त्याच्या आधी कललं. आरशात सीट रिकामी होती.

गाडी परत केली तर नोकरी गेलीच. तो जीव मुठीत धरून चालवत राहिला. दुपारपर्यंत प्रत्येक वळण त्या वजनाने आधी ओळखलं, अगदी बिनचूक.

मग पूल लागला. रस्ता सुतासारखा सरळ होता.

मागचं वजन हळूच कठड्याकडे कललं.