न धुतलेला काप

ट्युनिशियातल्या स्फाक्सच्या प्रयोगशाळेत मी नव्या औषधाच्या चाचणीतल्या रुग्णांच्या गाठींचे गोठवलेले तुकडे केसाहून पातळ कापून काचेवर ठेवतो. मग यंत्र त्या कापात औषध कुठवर पोचलं, याचा नकाशा काढतं. त्यासाठीचा काप कधीच धुवायचा नसतो. धुतला की औषध वाहून जातं.

काल एकोणीस क्रमांकाच्या रुग्णाच्या कापात औषधाचा ठिपकाही दिसला नाही.

"अम्म मुख्तार, अहो काका, धुतलात की काय?" डॉक्टर सिरीन हसून म्हणाली. "घरी भांडी घासता, तसं?"

मी काचेवरचा आकडा पुन्हा वाचला.

"खरं सांगा हं. तुम्ही धुतला नसेल, तर ही बाई गोळ्याच घेत नाही. मग आजच तिला चाचणीतून काढते. औषधासाठी बाहेर रांग लागलीय."

"धुतला, पोरी. वय झालं माझं."

तिचं हसू मावळलं. "उरलेला तुकडा द्या मग."

"तांदळाच्या दाण्याएवढा तर होता. संपला."

"म्हणजे तुमच्यापायी महिन्याभरानं तिला पुन्हा सुई टोचून तुकडा काढायचा! उद्यापासून तुम्ही कापायला बसू नका."

बत्तीस वर्षं प्रत्येक काप दोनदा तपासूनही माझा स्वतःवर कधी विश्वास बसला नाही. हा काप मी धुतला नव्हता, एवढी मात्र खात्री होती.



घरी येऊन मी एकोणीस आकडा लिहिलेली डबी उघडली, एक गोळी बायकोच्या हातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत पहिल्यांदाच तिच्यासमोरून हललो नाही.