पान दोनशे बारा

नळाचा एक थेंब स्टीलच्या सिंकमध्ये टपकला, आणि तिघीही दचकल्या.

"वॉशर गेलाय," फिल्मवाली म्हणाली आणि यंत्राची नळी पान्याने आणखी अर्धा आटा आवळली. "घाबरू नका. यंत्राला नाही काही होत."

फिल्म धुण्याचं यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलं होतं. शिलाई मशीनपेक्षा जरासंच मोठं. अभिलेख कार्यालय नव्या इमारतीत गेलं होतं, तिथे अजून पाण्याचा पत्ता नव्हता, म्हणून साहेबांनी ते तिच्या घरी धाडलं होतं. अकरा वर्षं ती जुन्या कागदांचे फोटो बोटभर रुंदीच्या फिल्मवर उतरवत होती. गल्लीत तिला सगळे फिल्मवालीच म्हणत.

समोर स्टुलावर शिलाईवाली बसली होती. बालगृहाच्या वह्या पाहायची कोर्टाची परवानगी तिच्या पिशवीत होती. ती मिळवायला तिला दोन वर्षं लागली होती, आणि मिळाली त्याच आठवड्यात वह्या लगद्याच्या कारखान्यात गेल्या होत्या. आता उरलं होतं ते त्यांच्या फोटोंचं एक रीळ. तेही अजून धुवायचं होतं.

"पण फिल्म धुऊन तपासल्याशिवाय वह्या सोडतच नाहीत, असं तुमचा कारकून म्हणाला."

"नियम तसाच आहे. 'तपासले' असा शिक्का पडल्यावरच गाडी भरतात. या वेळी शिक्का आधी पडला. घाईघाईत हलवाहलव, दुसरं काय."

"कुणी मारला तो?"

"आता ते उकरून काय मिळणार, ताई? रीळ आहे ना."

फिल्मवालीने पाणसळ ठेवून टेबल सपाट आहे का ते पाहिलं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. प्लग अर्थिंगच्याच खाचेत आहे ना, हे दोनदा बघितलं. खिडकी सताड उघडली, हातमोजे चढवले, चष्मा लावला. उंबऱ्यापाशी तिची लेक बसली होती.

"पाय आत नाही टाकायचा, राणी."

"मला ठाऊक आहे. डोळे जळतात."

"आमच्या पोरीला सगळं पाठ आहे," फिल्मवाली हसली. मग तिने चित्र पक्कं करणारं फिक्सर ओतलं, त्या टाकीवर झाकण घातलं, आणि नंतर चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरचा डबा उघडला. "फिक्सरचा एक थेंब जरी यात उडाला, तरी सगळं मुसळ केरात."

"किती जपून करता," शिलाईवाली म्हणाली. "दुसऱ्या कुणी मला दारातही उभं केलं नसतं."

"तुमच्या डोळ्यांदेखत झालेलं बरं. मागाहून मनाला रुखरुख नको."

तिने काळ्या कापडी पिशवीच्या बाह्यांत दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. आत, अंधारात, रीळ यंत्राच्या डबीत बसवायचं होतं. बोटं बराच वेळ चाचपडत राहिली. मग तिने बंद डबी बाहेर काढली, पिशवी खुर्चीवर ठेवली, आणि बटण दाबलं. यंत्र मधमाशीसारखं गुणगुणू लागलं.

"आता वीस मिनिटं. पाणी घेता?"

शिलाईवालीने नको म्हणून मान हलवली. "बाळंतपणानंतर मी तापात होते हो," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी बाबा पोरीला घेऊन गेले. मला म्हणाले, गेली. पाच वर्षं मी तेच खरं धरून चालले. मग त्यांच्या कपाटात पावती सापडली. बालगृह, पान दोनशे बारा. बस, एवढंच."

फिल्मवाली तापमानाचा काटा बघत होती.

"तेव्हापासून दर वर्षी एक फ्रॉक शिवते तिच्यासाठी. अंदाजानेच. दर वर्षी चार बोटं वाढवते." तिने पिशवीतून टेप काढला. "पहिलीतली पोर केवढी असते, ते काही नीट कळत नाही. हिचं माप घेऊ?"

लेक आधीच उभी राहून हात पसरून तयार होती. "घ्या की, मावशी."

शिलाईवालीने खांदे मोजले, छाती मोजली, गुदगुल्या झाल्या म्हणून पोर खिदळली. "मी शिवलेला फ्रॉक दोन बोटं लहान झालाय," शिलाईवाली म्हणाली. फिल्मवालीने काट्यावरची नजर काढली नाही.

फिल्म बाहेर येऊ लागली. सुकलेली, गुळगुळीत, काचेसारखी पारदर्शक. फिल्मवालीने ती दिव्यासमोर धरली, भिंग लावलं, हातभर पुढे सरकवली, आणखी हातभर. मग भिंग शिलाईवालीच्या हातात दिलं.

"मला तर काहीच दिसत नाही."

"काही नाहीच आहे, ताई. कोरी निघाली. कॅमेऱ्याचा पडदा उघडला नसावा."

"पुन्हा एकदा धुवा ना."

"जे उमटलंच नाही, ते धुऊन कसं येईल?"

शिलाईवालीने ती फिल्म शेवटच्या टोकापर्यंत, वीतवीत करून, भिंगाखालून नेली. फिल्मवालीने तिला घाई केली नाही. जाताना दारापर्यंत सोडलं, पाठीवर हात ठेवला, जिना उतरताना जपून जा म्हणाली.

मग तिने कडी लावली. खुर्चीवरच्या काळ्या पिशवीची चेन उघडली आणि आतलं दुसरं रीळ काढलं. खिडकीतल्या लख्ख उन्हात ती ते हातहात ओढत गेली, राखाडी वेटोळी पायाशी साचत गेली. न धुतलेल्या फिल्मला ऊन लागलं, त्यावरचं पान दोनशे बारा आता कुणालाच दिसणार नव्हतं. फोटो घेताना तिने ते एकदाच वाचलं होतं, आणि त्याच दुपारी वह्यांच्या गठ्ठ्यावर शिक्का मारला होता. मुलगी, वय तीन दिवस. दत्तक घेणाऱ्या आईचा व्यवसाय: सहायक, मायक्रोफिल्म विभाग.

लेक उंबऱ्यावरून बघत होती.

"आई, त्या मावशींच्या मुलीला कळत असेल का गं, की तिला कुणी शोधतंय?"