मधलं घड्याळ

"भाचीच्या लेनवर मामा नको," असं कुणीतरी म्हणालं, पण तलावाच्या व्यवस्थापकाने ते हसण्यावारी नेलं. "अहो, एका लेनला तीन घड्याळं. सगळ्यात कमी वेळ सोडायची, सगळ्यात जास्त सोडायची, मधली धरायची. मामा एकटा काय दिवे लावणार?"

मामाही हसला. त्याची अडचण नेमकी तीच होती.

ठरलेल्या वेळेत भाची तलावाच्या त्या टोकाला जाऊन परत आली, की परगावच्या प्रशिक्षण केंद्रात तिची निवड पक्की. राहणं, शिकणं, पोहणं, सगळं तिथेच. नाही आली, तर पुढच्या वर्षी वयात बसत नव्हती. तिचे वडील गेल्यापासून बहिणीने शिवणकामावर घर रेटलं होतं. हल्ली हात दुखतो म्हणून मशीनही झाकून ठेवलं होतं. "माझं काय व्हायचं ते होईल, पोरीचं कल्याण होऊ दे," एवढंच ती म्हणायची. ते ऐकून मामाचा जीव तुटायचा.

सरावात पोरगी वेळेच्या कितीतरी आत असायची. अलीकडे मात्र तिचं काही खरं नव्हतं. काल तिने विचारलं होतं, "मामा, नाही जमलं तर आई खूप रागावेल का?"

"जमेल ग," मामा म्हणाला होता. पोर घाबरली आहे, हे त्याने ताडलं होतं.

म्हणून आज त्याने दुसऱ्या घड्याळवाल्याला, औषधांच्या दुकानदाराला, कोपऱ्यात गाठलं. एक घड्याळ लवकर थांबून उपयोग नव्हता. दोन थांबली, तरच मधली वेळ खाली येणार होती.

"बटण किंचित आधी दाबायचं, बस."

दुकानदाराने चष्मा पुसला. "चिठ्ठी नसताना मी कुणाला साधी गोळी देत नाही."

"म्हणून तर तुमच्यावर कुणी शंका घेणार नाही."

"बघू," दुकानदार म्हणाला आणि निघून गेला.

तिसरं घड्याळ शाळेतल्या गणिताच्या बाईंकडे होतं. पोटच्या मुलाला अर्ध्या गुणाने नापास करणाऱ्या बाई. तिथे बोलायची सोयच नव्हती.

बहीण कठड्याजवळ येऊन बसली होती. "कुठल्या लेनमध्ये आहे रे ती?" तिने विचारलं.

"अग, समोर तर आहे. एवढी लाल टोपी घातलीय."

"हो, हो," बहीण म्हणाली. तिलाही धडधडत असणार, मामाच्या मनात आलं.

शिट्टी झाली. जाताना भाची सुसाट गेली. परतताना तिचे हात जड पडू लागले आणि मामाने अंगठा बटणावर टेकवला. तिने भिंतीला हात लावण्याआधीच त्याने बटण दाबलं.

व्यवस्थापकाने तिन्ही घड्याळं पाहिली. मामाचं वेळेच्या आत. दुकानदाराचंही आत. बाईंचं तर दोघांपेक्षा कमी.

मामा बाईंकडे बघतच राहिला. बाई शांतपणे घड्याळाची दोरी गुंडाळत होत्या. "माझी वेळ सोडून तुमची मधली धरतील, असा माझा हिशेब होता," त्या हळूच म्हणाल्या. "गुणी पोर आहे. राहवलं नाही."

मामाला गलबलून आलं. इतकी माणसं आपल्या पोरीच्या पाठीशी आहेत, हे त्याला आजच कळत होतं. तो जवळजवळ धावतच कपडे बदलायच्या खोल्यांकडे गेला. भाची बाहेरच्या बाकावर टॉवेल गुंडाळून बसली होती.

"झाली तुझी निवड. आता सामान बांधायला घे."

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. "कसं शक्य आहे?"

"तिन्ही घड्याळं तेच सांगतात. वेडाबाई, रडतेस काय?"

"मी मुद्दाम हळू पोहले, मामा," ती म्हणाली. "आईला आता काहीच दिसत नाही."