दोन्ही पायांचे आलेख

उमरेडला एकटे राहणारे बाबा पाय मोडल्यापासून मायाच्या धरमपेठेतल्या घरी होते. हाड केव्हाच जुळलं, तरी लंगडणं जाईना, म्हणून तिनं त्यांना चाल मोजणाऱ्या प्रयोगशाळेत आणलं. पायांवर चमकते ठिपके चिकटवून बाबा कॅमेऱ्यांसमोर लंगडत चालले. "झालं, आजोबा," टेक्निशियन म्हणाली, तसे ते चपला घ्यायला झपझप निघाले. कॅमेरे चालूच होते. या वेळी पडद्यावर दोन्ही पायांचे आलेख एकसारखे उमटले, लंगडण्याचा मागमूसही नव्हता. माया गोंधळून पाहत राहिली. बाहेर येताच तिनं विचारलं, "बाबा, काहून असं करून राहिले तुम्ही?" बाबा खाली पाहत म्हणाले, "पोरीच्या घरी बिनाकारण कसा राहू वं? लोकं काय म्हणतीन?" तिला राग आला, रडूही आलं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "काय निघालं?" "पायाला वेळ लागेल," ती बोलून गेली. बाबांसाठी की स्वतःसाठी, ते तिलाच कळेना.