सोमवारची मापं

“ते घरगुती बॅकअप आजच्या आज काढून टाका,” साहेब म्हणाले आणि त्यांनी काकूंच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

पाय बेतणारे मिस्त्री हातातलं काम ठेवून जवळ आले. कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यातली चार हजार माणसांची मापं याच एका जुनाट यंत्रात होती. दोन वर्षांपूर्वी त्यातली काही उडाली, तेव्हा एका म्हाताऱ्या शिक्षिकेला पुन्हा मापं द्यायला दोन जिने चढावे लागले, तेही एका पायावर. त्या हसतच वर आल्या. मिस्त्रींना मात्र आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

म्हणून तर रेकॉर्ड सांभाळणाऱ्या काकूंनी बॅकअपचं मनावर घेतलं. तयार सॉफ्टवेअर त्या यंत्रावर चालेना. मग त्यांनी एका खुल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोडच उतरवून घेतला आणि तो आपल्या यंत्रावर चालेल असा बनवायला, म्हणजे कंपाइल करायला, बसल्या. रोज नवी कटकट. आज कोडला लागणारी ही लायब्ररी नाही, उद्या ती फार जुनी. काकू, शिजलं का, म्हणून सगळे थट्टा करत. काकू पडद्यावरची चूक वहीत टिपून घेत. तीन आठवड्यांनी गाडं एकदाचं चालू लागलं. कोणते फोल्डर, किती वाजता, शेजारच्या इमारतीतल्या कोणत्या यंत्रावर जायचे, हे त्यांनी एकेक ओळ लिहून ठरवून दिलं.

साहेबांना हे घरगुती काम पटत नव्हतं. मिस्त्रींनी आजवर त्यांच्यापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं, पण आज त्यांना राहवेना. आज सोमवारी सकाळपासून याच यंत्रातून नऊ जणांची मापं काढून पाय बेतले, एकही माप चुकलं नाही, असं त्यांनी चाचरत सांगून टाकलं. ती तर यंत्राच्या डिस्कवरचीच मापं, त्यात बॅकअपचं काय कौतुक, असं साहेबांनी विचारलं. आपण मदतीला धावलो आणि काकूंनाच अडचणीत आणलं, असं वाटून मिस्त्रींना वाईट वाटलं.

“काकू, राग मानू नका,” साहेब म्हणाले. “पण उद्या डिस्क गेली, तर तुमच्या या खटाटोपातून एक तरी माप परत येईल कशावरून?”

काकूंनी चष्मा काढून पुसला. डोळे जागरणाने लाल झाले होते, पण चेहरा असा फुलला होता की मिस्त्री बघतच राहिले.

“डिस्क शुक्रवारीच गेली, साहेब, तुम्ही सगळे घरी गेल्यावर,” त्या म्हणाल्या. “काल मी नवी बसवली. मिस्त्रींनी आज वापरलेली नऊच्या नऊ मापं बॅकअपमधूनच परत आलीत.”